सानचिनमुळे खरोखर काय साधते?

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मुलीबरोबर मीही गेल्या वर्षापासून गोजू-र्यू कराटे शिकत आहे. आमचे सर ‘सानचिन’ हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) पुन्हा पुन्हा करून घेतात आणि त्यामुळे शरीर, मन व आत्मा एकरूप होतात, असे सांगतात. मला मात्र नुसता थकवा जाणवतो. मला उच्च रक्तदाब आहे. सरांच्या म्हणण्यात तथ्य किती आणि मी हा काता करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सरांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, मात्र नुसत्या आवर्तनांनी ते साधत नाही. जपानच्या ओकिनावा बेटावरचे शिक्षक कानर्यो हिगाओन्ना यांनी चीनमधील फूचौ येथे शिक्षण घेतले आणि परतल्यावर सानचिनला आपल्या शिकवणीचा पाया केले. त्यांचे शिष्य चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांनी पुढे गोजू-र्यू ही शैली उभी केली, तेव्हाही हा पाया कायम राहिला. सानचिनमध्ये उड्या नाहीत, उंच लाथा नाहीत, पावलेही मोजकीच. त्यामुळे वेगाच्या आड दोष लपवता येत नाही.

पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत आहे ना, गुडघे किंचित वाकलेले आणि खांदे खाली आहेत ना, ठोसा आणि उच्छ्वास एकाच क्षणी संपतो ना, हे सारे एकाच वेळी सांभाळायचे असल्याने मनाला भटकायला जागाच उरत नाही. मन आणि शरीर जुळणे म्हणतात ते एवढेच, आणि ते श्वासामुळे घडते. शिक्षक खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थाप मारून पाहतात, तेव्हा ज्याची नजर ढळते किंवा श्वास अडकतो, त्याचे लक्ष कुठे होते ते लगेच उघड होते. आपल्याला येणारा थकवा बहुधा खांदे वर ओढून, गळ्यातून श्वास घेऊन ताकद लावल्याचा असावा. आवर्तने कमी करावीत आणि श्वास पोटापर्यंत उतरतो की नाही, तेवढेच काही दिवस पाहावे.

आत्म्याविषयी मी जपून बोलेन. कातामुळे आत्मानुभव येतो, असा दावा करण्याचे धाडस माझ्यात नाही. जुन्या शिक्षकांना अपेक्षित होता तो वागण्यातला संयम. कराटेत पहिला वार नसतो, हा नियम शोतोकान या कराटेच्या दुसऱ्या परंपरेचे गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या २० सूत्रांत दुसऱ्या क्रमांकावर घातला. सानचिनमध्येही पहिले पाऊल टाकल्यावर दोन्ही हात उठतात ते अडवण्यासाठी, ठोसा त्यानंतर येतो. हा संयम क्लासबाहेर, रस्त्यावरच्या वादातही टिकला, तर सरांच्या वाक्याचा तिसरा भाग मी मान्य करीन.

रक्तदाबाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. श्वास रोखून सर्व स्नायू आवळले की तेवढ्या वेळापुरता रक्तदाब बराच वाढतो. म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना हा काता प्रत्यक्ष करून दाखवावा आणि सरांनाही आजाराची कल्पना द्यावी. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी स्नायू हलकेच ताणावेत, श्वास कुठेही कोंडू नये आणि थापांची परीक्षा टाळावी. चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले, तर काता तिथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.