कॅट, अभ्यासिका आणि सोडून द्यायचे प्रश्न

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

क्लास न लावता कॅट, म्हणजे आयआयएमची एमबीएची प्रवेश परीक्षा, देणार म्हणालीस आणि तुझ्या आईचे मला लागोपाठ फोन सुरू झाले. तिला सांगितलं तेच तुला सांगते. क्लासवाचून काही अडत नाही. गणिताचा पाया मुख्यतः दहावीपर्यंतचाच आहे, वर लॉगॅरिदमसारखं थोडं काही. बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत, गेल्या कित्येक वर्षांचे पेपरही मिळतात. क्लासात खरं मोलाचं एकच मिळतं, तेही चांगला शिक्षक भेटला तर. तो तुझं चुकलेलं उत्तर बघतो आणि विचारतो, 'हा प्रश्न मुळात हातात घेतलासच कशाला?' आता हे तुझं तुलाच विचारायचं आहे.

नारायण पेठेतली अभ्यासिका लावलीस ते उत्तम. खोलीवर चौघींच्या गप्पांत काही होणार नव्हतं. फक्त तिथल्या हवेपासून जप. आजूबाजूला राज्यसेवेची मुलं सकाळी सातला येऊन रात्री दहाला उठतात. त्यांना ते करावंच लागतं. इतिहास, राज्यघटना, चालू घडामोडी, सगळं डोक्यात साठवायचं असतं. कॅटला साठवण्याजोगं फार थोडं आहे. चार तास नीट बसून तू उठलीस, तर त्यांच्याकडे बघून अपराधी वाटून घेऊ नकोस.

आता जरा आकडे बघ. २०२४ च्या पेपरात ६८ प्रश्न होते, २०४ गुणांचे, १२० मिनिटांत. आधी इंग्रजी, मग डीआयएलआर (तक्ते-आकडेवारी आणि तर्काची कोडी), मग गणित, प्रत्येकाला ४० मिनिटं. वेळ संपली की तो विभाग बंद, मागे जाता येत नाही. त्या वर्षी साधारण २.९३ लाख मुलं बसली होती आणि ९९ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांच्या पुढची जागा, निम्म्याहून कमी गुणांना मिळाले. कॉलेजात कायम पंच्याऐंशी टक्के काढणाऱ्या मुलीला हे पचायला जड जातं. अर्धा पेपर कोरा सोडून उठायचं आणि तरी शांत झोपायचं, हे तुला शिकावं लागेल.

बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलंस तर सरासरीने हाती शून्य लागतं, म्हणजे नफाही नाही, तोटाही नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर अंदाज तुझ्या बाजूला झुकतो. आणि ज्या प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकीला दंड नाही. तिथे काहीतरी लिहूनच पुढे जा. इतकी साधी गोष्ट हुशार मुलंही विसरतात.

डीआयएलआरमध्ये चार-पाच संच येतात, प्रत्येक संचात एकाच माहितीवरचे काही प्रश्न. पहिला संच समोर दिसला म्हणून तोच सोडवायला बसू नकोस. आपली आजी मंडईत आधी एक फेरी मारून यायची, भाव आणि माल बघायची, मगच पिशवी उघडायची. तसंच करायचं. पहिली पाच-सहा मिनिटं फक्त वाचण्यात घालव. ती वाया गेल्यासारखी वाटतील, जाऊ देत. दोन संच पूर्ण आणि तिसऱ्यातले एक-दोन प्रश्न झाले तरी भरपूर झालं. घेतलेल्या संचात दहा मिनिटांनी काहीच सुटेनासं झालं तर उठ तिथून. 'एवढा वेळ घातलाय, आता सोडू कशी' या एका विचाराने जितके पेपर घालवलेत तितके अवघड गणितांनीही घालवले नसतील.

मॉक, म्हणजे पूर्ण सराव पेपर, आठवड्याला एक पुरे, दिवाळीनंतर हवं तर दोन. पण दोन तासांच्या मॉकवर नंतर चार तास बसायचं. एक वही कर, तीन रकाने आख. येत होतं पण चुकलं. येत नव्हतं तरी धरून बसले. येत होतं पण तिथवर पोचलेच नाही. सगळ्यांचं लक्ष पहिल्या रकान्याकडे जातं, कारण चूक डोळ्यांत खुपते. मला विचारशील तर तिसरा रकाना सगळ्यात महाग. ते गुण तुझेच होते, दुसऱ्या रकान्यातल्या हट्टापायी गेले. बरोबर आलेली उत्तरंही पुन्हा बघ. पाच मिनिटं खाऊन आलेलं बरोबर उत्तर ही चूकच धर. आणि मॉक कधी सकाळी साडेआठला दे, कधी साडेबाराला, कधी दुपारी साडेचारला. परीक्षा या तीन सत्रांत होते आणि तुझं सत्र तू निवडत नाहीस.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, ते ओळखते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स. शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतल्या असशील तर आजच बंद कर. गुण अडतात ते शब्दांपायी कमी, लेखकाचं म्हणणं हातातून निसटल्याने जास्त. रोज एक मोठा इंग्रजी लेख वाच आणि विषय मुद्दाम नावडता घे. तत्त्वज्ञान, पक्षी, कररचना, काहीही. वाचून झाला की लेखकाला काय म्हणायचं होतं ते मराठीत दोन वाक्यांत लिही. हो, मराठीतच. मराठीत नेमकं सांगता आलं म्हणजे कळलं, नाहीतर नुसती नजर फिरली. वेग मात्र इंग्रजी वाचूनच येईल, आणि पहिला महिनाभर काहीच हलल्यासारखं वाटणार नाही. आमच्या वेळी २००९ च्या आधी पेपर कागदावर असायचा, उताऱ्याखाली रेघा मारता यायच्या. तुला पडद्यावर वाचायचंय, तेव्हा सरावही पडद्यावरच कर.

एकच विभाग पडला तरी पंचाईत होते, कारण बहुतेक आयआयएम विभागवार कटऑफ लावतात. गणित आवडतं म्हणून दिवसभर तेच करत बसू नकोस.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होईल. तक्रार करत बसण्याऐवजी एक मॉक त्या आवाजातच देऊन बघ. केंद्रावरही शेजारचा कीबोर्ड बडवतच असतो. विसर्जनाच्या दिवशी मात्र सुट्टी घे. त्या दिवशी पेठेत अभ्यास होत नाही, झाल्याचं सोंग होतं.

राज्याची एमबीएची सीईटीही भर. पुणे विद्यापीठाचं पुम्बा आणि मुंबईचं जमनालाल बजाज, दोन्हींची मुख्य वाट तिथूनच जाते. पण तिचा स्वभाव अगदी उलटा आहे, अडीच तासांत २०० प्रश्न आणि चुकीला दंड नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. म्हणून कॅट होईपर्यंत सीईटीच्या सरावाला हात लावू नकोस, दोन्ही सवयी एकमेकींत मिसळतात. सिंबायोसिससाठीचं स्नॅप एका तासाचं आहे, तेही देऊन टाक.

आणि बाबांना आजच सांग. तुझं नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात आहे, ते कॅटला चालणार नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना तेही बघून घ्या. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुटतात आणि गावी सेतू केंद्रात जूनपासूनच प्रवेशवाल्यांची रांग लागते. फोटो आणि सही स्कॅन करून माझ्या मेलवर टाकून ठेव, तुझा फोन कधी दगा देईल सांगता येत नाही.

तुझी,
मावशी