वडिलांच्या कपाटातला काळा कीबोर्ड

प्रश्न : ताई, वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एक काळा, जाडसर कीबोर्ड निघाला. त्यावर 'स्पेक्ट्रम प्लस' असं आहे. सोबत चार कॅसेटी. एकीवर वडिलांच्या अक्षरात 'प्रोग्रॅम २'. भाऊ म्हणतो, भंगारात देऊ. ठेवण्यासारखं काही आहे का यात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नका, मनापासून सांगते. तो नुसता कीबोर्ड नाही, अख्खा संगणक त्यातच आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२ साली स्पेक्ट्रम काढला, १९८४ मध्ये त्याचा 'प्लस' आला आणि १९८८ पासून डेसिबेल्स ही कंपनी तो परवान्यावर भारतात विकू लागली.

आमच्या घरी तो १९८९ मध्ये आला, मी नववीत होते. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून चढवायचा. स्मृती ४८ केबी. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. वीज गेली की टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून दर अर्ध्या तासाने कॅसेटवर साठवायची सवय लागली. ती अजून सुटलेली नाही.

पडद्यावर अक्षरं फक्त इंग्रजी. पण स्वतःची चिन्हं घडवायला यंत्राने २१ जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं, एका ओळीला एक आकडा. मी चौकटीच्या वहीत 'न' काढला : २५५, २, २, १२६, ९८, २, २, २. पहिला २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती शिरोरेघ. दोन अक्षरं शेजारी ठेवली आणि वरची रेघ आपली आपण जुळली! शिरोरेघ अक्षरांना हाताला धरून ठेवते हे मला शाळेत नाही, तिथे दिसलं.

मग आजीसाठी 'कमळ' लिहायला घेतलं, कारण तिने मला 'क कमळाचा' असंच शिकवलं होतं. आजी पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाळ, ळचे दोन्ही डोळे मिटलेत." खरंच, दोन्ही गाठी भरून गेल्या होत्या. एका गाठीला किमान तीन ठिपके लागतात, दोन्हींना सहा, शिवाय आजूबाजूला श्वास घ्यायला जागा हवी. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मधली भिंत दोघींत सामाईक केली आणि पाच ठिपक्यांत दोन डोळे उघडले. आजीने वाचलं, "कमळ." मी पुढे अक्षरजुळणीच्या कामात आले ते त्या पाच ठिपक्यांमुळे. वेलांटीला मात्र शिरोरेघेवर जागाच उरायची नाही, त्यासाठी वरच्या ओळीतलं आणखी एक घर खर्चावं लागे. २१ जागा किती भराभर संपत!

आता तुमचं काम. यंत्राला कुठलाही अडॅप्टर लावू नका. त्याला ९ व्होल्ट लागतात, पण आतली पिन ऋण आणि बाहेरचं कडं धन. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात, तसा लावला तर यंत्र जळू शकतं. यंत्र थांबू शकतं, कॅसेटी नाही. त्यांची फीत खराब होत जाते. चांगल्या टेपरेकॉर्डरवर 'प्रोग्रॅम २' लावा आणि हेडफोनच्या भोकातून वायरीने लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करून घ्या. आधी एकसुरी शिट्टी, मग छोटीशी करकर, पुन्हा शिट्टी आणि लांबलचक करकर ऐकू आली तर कॅसेट जिवंत आहे. स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात, त्यात ते ध्वनिमुद्रण चालवता येतं.

त्या छोट्या करकरीत प्रोग्रॅमचं नाव असतं, फार तर दहा अक्षरांचं. चढवायला लागलात की ते आधी पडद्यावर उमटेल. वडिलांनी काय नाव दिलं होतं, मला जरूर कळवा.