खेळाडूंच्या संचात अ‍ॅनी ओकली कशी?

अ‍ॅलन अँड गिंटर या सिगारेट कंपनीचं, नेमबाज अ‍ॅनी ओकलीचं चित्र असलेलं जुनं कार्ड मिळालंय, ते खरं का, लॅमिनेट करू का, आणि खेळाडूंमध्ये ही ‘शो’मधली बाई कशी, असं तुम्ही विचारलंय.

लॅमिनेट अजिबात करू नका, आणि वाकड्या वाटल्या तरी कडांना कात्री लावू नका. बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा आपणच छाटल्या होत्या, हे एका बड्या विक्रेत्याने २०१३ साली खटल्यात कबूल केलं. साध्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवा, तेवढं पुरे.

खरेपणासाठी चांगलं भिंग घ्या. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे विखुरलेले असतात आणि अक्षरं भरीव, सलग दिसतात. ठिपके शिस्तीत, फुलांच्या नक्षीसारखे दिसले आणि अक्षरंही ठिपक्यांचीच असली, तर ते हल्लीचं पुनर्मुद्रण. मागच्या बाजूला संचातल्या पन्नासही जणांची यादी हवी.

ती यादी सावकाश वाचा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हा संच १८८७चा, रिचमंड, व्हर्जिनियाचा. मऊ कागदी पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून पुठ्ठा घालत. त्यावर चित्रं छापली की संच पुरा करायला गिऱ्हाईक तोच ब्रँड पुन्हा घेणार. पन्नासांत बेसबॉलवाले फक्त दहा. बाकी मुष्टियोद्धे, पैलवान, नौकानयनपटू, बिलियर्ड्स आणि पूलचे खेळाडू, रायफल नेमबाज. ओकली आणि बफेलो बिल या नेमबाजांत येतात. त्याच वर्षी बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ, ज्यात ओकली नेमबाजी करायची, लंडन गाजवत होता. पैज लावून वल्ही मारणारा नेड हॅनलन, मुष्टियोद्धा जॉन सुलिव्हन आणि ओकली, तिघांनाही लोक तिकीट काढून किंवा पैज लावून बघायला जात. खेळाडू आणि कलावंत असा भेद त्या गर्दीला फारसा नव्हताच. वर्तमानपत्रांत फोटो क्वचितच छापत, त्यामुळे सुलिव्हनचा रंगीत चेहरा कित्येकांच्या घरी पहिल्यांदा आला तो सिगारेटच्या पाकिटातून. मला हा संच आवडतो तो याचसाठी.

आज भाव चढतो तो बेसबॉलचा. याच संचातला बेसबॉलपटू कॅप अ‍ॅन्सन घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल. ओकलीलाही चांगली मागणी आहे, तेव्हा घाईने विकू नका. पुढे संग्रह वाढवायचा असेल तर हॅनलनच्या जोडीचे वल्हेवाले शोधा. छपाई तीच, वर्ष तेच, आणि किंमत बरीच कमी.