फिल्म महाग झाली म्हणून कॅमेरा विकू नकोस

इंदूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

दुकानदाराने रंगीत रोलचा भाव सांगितला आणि तू थेट कॅमेराच विकायला काढलास, हे वाचून लगेच लिहायला बसलो. घाई करू नकोस. भाव वाढलेत हे खरं, हवा तो रोल कित्येकदा महिनोन् महिने मिळत नाही हेही खरं. पण मिळेल तो रंगीत रोल, सांगतील त्या भावाने, एकेक करून घ्यायचा ही फिल्म वापरायची सगळ्यात महागडी पद्धत आहे. दुसरी पद्धत नीट सांगतो, मग काय ते ठरव.

आधी महागाईचं कारण, कारण काय घ्यायचं ते त्यावरून ठरतं. चांदी वाढली म्हणून फिल्म वाढली असं तू लिहिलंस. आपल्या सराफ्यात चांदीचा भाव दिवसभर कानावर पडतो, त्यामुळे ते पटतंही. पण ३६ फोटोंच्या एका रोलमध्ये चांदी अर्ध्या ग्रामहूनही कमी असते. खरा खर्च इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, चढवण्याचा आहे. रंगीत फिल्मवर अनेक थर, तेही पूर्ण अंधारात आणि केसाहूनही पातळ चढवावे लागतात. ती यंत्रं प्रचंड खपासाठीच बांधलेली असतात, थोडा माल काढायचा तर परवडत नाही. डिजिटल आलं, खप पडला आणि कारखाने मिटले. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोडॅकवर तीच वेळ जानेवारी २०१२ मध्ये आली. आपल्याकडे उटीला १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, तिची ‘इंदू’ फिल्म देशभर चालायची. तीही बंद पडली, आणि तेव्हापासून आपण पूर्णपणे आयातीवर आहोत. मग तुझ्या वयाची मुलं फिल्मकडे परत वळली, पण मोडलेला कारखाना काही परत येत नाही. फुजीने जानेवारी २०२१ मध्ये प्रो ४००एच बंद केली ती कच्चा माल मिळेना म्हणून. रंगीत निगेटिव्हचा बहुतेक भार अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या, कोडॅकच्या एकाच कारखान्यावर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी सुधारणांसाठी काम थांबवलं होतं. एवढ्या एका ठिकाणी खोळंबा झाला की त्याची झळ इंदूरच्या दुकानापर्यंत पोहोचते.

कृष्णधवलचं तसं नाही. इंग्लंडात मोबर्लीला इलफर्ड आणि केंटमिअर बनतात, चेक देशात ऱ्हाडेट्स क्रालोवेला फोमा बनते, शिवाय कोडॅक आहेच. एकाकडे नसली तर दुसऱ्याची मिळते. आणि ही फिल्म घरी धुता येते. म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो: वर्षभर कृष्णधवलच काढ, तीही एकाच जातीची. रंगीत रोल घरच्या लग्नमुंजीसाठी ठेव.

ती फिल्मही सुट्या रोलमध्ये घेऊ नकोस. ३०.५ मीटरचा बल्क रोल, म्हणजे न कापलेली सलग फिल्म घे, आणि डब्यांत स्वतः भर. इलफर्डची एचपी५, केंटमिअर ४००, फोमाची फोमापॅन, सगळ्या त्या मापात मिळतात. ३६ फोटोंच्या रोलला साधारण १६० सेंटीमीटर फिल्म लागते: प्रत्येक फोटोला ३८ मिलिमीटर, म्हणजे १३७ सेंटीमीटर, आणि पुढच्या-मागच्या टोकांना २३. वाया जाणारं धरून १८ रोल निघतात. बल्क रोलच्या किमतीला १८ ने भाग, त्यात केमिकलचा खर्च मिळव, आणि मग सुट्या रोलशी ताडून बघ. एकदम पैसे जातात म्हणून छाती दडपते, पण दोघातिघांनी मिळून घेतला तर तेवढंही नाही. शिवाय हवा तर १२ फोटोंचा छोटा रोल भरता येतो, त्याला ७० सेंटीमीटर पुरतात. त्यात एकतृतीयांश फिल्म टोकांतच जाते, तेव्हा तो फक्त कॅमेरा किंवा लेन्स तपासायला भर.

रिकाम्या डब्या विकत आणायची गरज नाही. रोल धुणाऱ्या लॅबकडे माग, ते टाकूनच देतात. एवढंच सांग की फिल्म कापताना डबीतून एक-दोन सेंटीमीटर जीभ बाहेर राहू द्या. त्या जिभेला नवी फिल्म जोडायची. दोन्ही टोकं अगदी सरळ काप, नाहीतर फिल्म तिरकी गुंडाळली जाऊन अडकते. टेप दोन्ही बाजूंनी लाव. इमल्शनची, कमी चमकणारी बाजू आत, डबीतल्या रिळाकडे यायला हवी. उलटी भरलीस तर फोटो फिल्मच्या पाठीमागून पडतील आणि सगळा रोल फुकट जाईल. डबीच्या तोंडाशी काळी मखमल असते, ती भरण्याआधी स्वच्छ ब्रशने झटक. धुळीचा एक कण तिथे बसला की रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओरखडा उमटतो. निगेटिव्हवर लांबीला समांतर रेघ दिसली की आधी ही मखमल बघायची. एक डबी चार-पाच वेळा वापरली की टाकून दे, मखमल सैल होऊन कडेने प्रकाश शिरतो.

बल्क लोडर, म्हणजे उजेडात डबी भरायचं यंत्र, मिळाला तर उत्तम, पण त्यात जोड उजेडात करावा लागतो, त्यामुळे रोलचे शेवटचे एक-दोन फोटो काळवंडतात. तेव्हा ३४ वर थांब. लोडर नसला तर रात्री बाथरूममध्ये, दाराच्या फटीला टॉवेल लावून भर. दाराच्या आतल्या बाजूला १६० सेंटीमीटरवर दोन टाचण्या ठोक, अंधारात बोटांनी माप कळतं. वैशाखात चेंजिंग बॅगेत, म्हणजे आत हात घालून फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत, हात घालू नकोस, दोन मिनिटांत घाम सुटतो आणि इमल्शनवर बोटांचे डाग पडतात. थंडीत उलटं होतं: हवा कोरडी, फिल्म झपाझप गुंडाळली की स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा उमटतात. सावकाश गुंडाळ. स्वयंचलित कॅमेरा डबीवरचा, फिल्मचा वेग (आयएसओ) सांगणारा डीएक्स कोड वाचतो हेही ध्यानात ठेव. २०० च्या डबीत ४०० ची फिल्म भरलीस तर कॅमेरा २०० च धरून चालेल. कोडवर टेप चिकटव आणि सेटिंग हाताने कर.

स्वस्तात मिळते म्हणून सिनेमाची फिल्म घ्यायचं तुझ्या मनात आहे. कोडॅकची डबल-एक्स ५२२२ खुशाल घे, ती कृष्णधवल आहे आणि उत्तम आहे. तिचा वेग उन्हात २५०, दिव्यात २०० धर. पण कोडॅकच्याच व्हिजन३ ची रंगीत निगेटिव्ह, ५०डी, २५०डी, ५००टी, जपून. तिच्या पाठीला रेमजेटचा काळा थर असतो. ती गल्लीतल्या लॅबमध्ये दिलीस तर तो थर मशीनच्या टाक्यांत सुटतो आणि तुझ्यामागून येणाऱ्या सगळ्यांचे रोल खराब होतात. लॅबवाल्याला आधी सांगितल्याशिवाय कधीही देऊ नकोस. कोडॅकने २०२५ पासून रेमजेट नसलेली व्हिजन३ आणायला सुरुवात केली आहे, तेव्हा विकणाऱ्याला नेमकं विचार की माल जुना की नवा. नुसतं सुंदर लेबल लावलेला रोल असेल आणि आत मूळ कोणती फिल्म आहे ते विकणारा सांगत नसेल, तर घेऊच नकोस. पॉलिस्टरच्या पट्टीवरची प्रिंट फिल्मही नको. ती फाटत नाही, ताण आला तर कॅमेऱ्याचा दाता मोडतो.

आता धुण्याकडे, म्हणजे डेव्हलप करण्याकडे येतो, कारण खरी बचत इथे आहे. डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, घरी बनव. एका लिटरला मेटॉल २ ग्राम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्राम, हायड्रोक्विनोन ५ ग्राम, बोरॅक्स २ ग्राम. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत गरम कर आणि ह्याच क्रमाने एकेक पूर्ण विरघळू दे, मग लिटर पुरं कर. मेटॉल आधीच घालायचं, सल्फाइटच्या दाट द्रावणात ते विरघळत नाही. चिमूटभर सल्फाइट मात्र त्याच्याही आधी टाक, म्हणजे मेटॉल लाल पडणार नाही. दुकानात ‘सल्फाइट’ हा शब्द कागदावर लिहूनच दे. सल्फेट, बायसल्फाइट, सल्फाइड अशी चार सारखी नावं आहेत, आणि सल्फेट घालून केलेलं डेव्हलपर काही तासांत तपकिरी होऊन मरतं. वजनाला ०.१ ग्रामचा छोटा काटा हवा. मेटॉलने काहींच्या हातांना फोड येतात, हातमोजे घाल. बाटली काठोकाठ भरलेली ठेवलीस तर सहा महिने टिकते, अर्धी असेल तर दोन.

उमटलेलं चित्र पक्कं करतो तो फिक्सर. त्याला हायपो (सोडियम थायोसल्फेट) २४० ग्राम, सल्फाइट १०, सोडियम बायसल्फाइट २५, पाणी एकूण एक लिटर. हायपो विरघळताना पाणी एकदम गार पडतं, म्हणून सुरुवात ५० अंशांच्या अर्ध्या लिटरने कर. बायसल्फाइट मात्र द्रावण थंड झाल्यावरच, सल्फाइटच्या मागून घाल. गरमात घातलंस तर गंधक सुटून सगळं दुधासारखं होतं आणि ते फेकावंच लागतं.

इंदूरच्या उन्हाळ्यात अडचण आहे ती तापमानाची. वेळेचे तक्ते २० अंशांचे असतात आणि मे महिन्यात नळालाच तिशीच्या वर पाणी येतं. २० वर आणायचा हट्ट धरू नकोस, २४ वर काम कर. एचपी५ ला डी-७६ समप्रमाणात पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला साधारण साडेसात. पाणी न घालता वापरलंस तर २४ ला वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो. तेवढ्या कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखं चढत नाही आणि आकाशात पट्टे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी घालूनच. मोठ्या टबात पाणी आणि पिशवीत बांधलेला बर्फ ठेवून त्यात सगळ्या बाटल्या उभ्या कर. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये कधीही नको. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी यांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक पडू देऊ नकोस. २४ वरून एकदम ३२ च्या नळाखाली धरलीस तर जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि नख लागलं तरी सोलतं.

डेव्हलपर ओतल्यावर फिल्म धुण्याची बंद टाकी पहिली ३० सेकंद सलग उलटसुलट कर, मग दर मिनिटाला १० सेकंद. एका रोलला टाकीत ३०० मिली पुरतं. फिक्सर किती वेळ ठेवायचा ते घड्याळाला न विचारता फिल्मला विचार: कापलेली जीभ फिक्सरमध्ये टाक, ती पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट रोलला दे. ताज्या फिक्सरला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ जीभ स्वच्छ व्हायलाच लागायला लागला, की तो फिक्सर संपला. मग त्यात स्टील वूल टाकून आठवडाभर ठेव. चांदी तळाशी गाळ होऊन बसते, ती मोरीत जाऊ द्यायची नाही.

फिक्सरनंतर फिल्म पाण्याने धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकीत पाणी भरून ५ वेळा उलट, ओत. नवं पाणी, १० वेळा. पुन्हा नवं, २० वेळा. झालं. नर्मदेचं पाणी याला चालतं, पण बोअरिंगचं जड असतं, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके सोडतं. शेवटचं एक भांडं आरओच्या पाण्याचं घे, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब. फिल्म पुसू नकोस, तशीच टांग.

साठा किती करायचा? वर्षभर लागेल एवढाच. भाव वाढणार म्हणून चार वर्षांचा माल भरणाऱ्यांमुळेच दुकानं रिकामी होतात, आणि ४०० ची फिल्म इथल्या उन्हाळ्यात बाहेर पडून राहिली तर धुरकट होते. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढलीस की दोन तास डबा उघडू नकोस. पावसाळ्यात तर अजिबात नको, गार फिल्मवर दव धरतं आणि थर एकमेकांना चिकटतात. विमानाने जाताना हातातल्या पिशवीत ने आणि तपासणीला हाताने बघा म्हणून विनंती कर. विमानात चढवायचं सामान तपासणाऱ्या यंत्राचा क्ष-किरण जोरदार असतो.

पहिला रोल धुतलास की कापू नकोस, सलग पट्टीच घेऊन ये. कडेला छापलेले आकडे आणि फोटो शेजारी ठेवून बघायचे. आकडे गडद आणि फोटो फिके असतील तर प्रकाश कमी दिला, प्रकाश मोजणारं मीटर चुकलं. आकडेही फिके असतील तर धुण्यात चूक आहे: वेळ कमी पडला, पाणी समजत होतो त्याहून गार होतं, किंवा डेव्हलपर मेलेलं. आकडे बरोबर आणि फोटो काळेठिक्कर असतील तर डीएक्सची टेप निघाली का ते आधी बघ. पट्टीवर आकडेही नसतील आणि सगळी कोरी पारदर्शक असेल, तर डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतला गेला. म्हणून दोन्ही बाटल्यांना आजच वेगळ्या रंगाची झाकणं लाव.

कळावे.