खोकरीचे घुमट कुणाचे?

प्रश्न : जंजिरा पाहून परतताना राजपुरीजवळ खोकरी इथे तीन दगडी घुमट दिसले. रिक्षावाला म्हणाला, "नवाबाच्या घराण्याचं कबरस्तान." तिथे नेमकं कोण आहे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रिक्षावाल्याचं अर्धं बरोबर आहे. घराणं म्हटलं की बापामागून लेक, असं आपण धरून चालतो. जंजिऱ्यात त्या काळी जो कर्तबगार तो सरदार. त्यामुळे खोकरीला बाप-लेक नाहीत. दोन भाऊ आहेत आणि त्यांच्यामागून आलेला तिसरा.

भाऊ म्हणजे सिद्दी कासिम आणि सिद्दी खैरियत. जंजिऱ्याचा तेव्हाचा सरदार फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा या दोघांनी सिद्दी संबूलला हाताशी धरून त्यालाच कैद केलं आणि औरंगजेबाची चाकरी पत्करली. १६७१ च्या शिमग्यात आपली माणसं रंगात असताना कासिम समुद्राकडून आणि खैरियत जमिनीकडून जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावरच्या, मराठ्यांच्या ताब्यातल्या दंडा-राजपुरीवर चालून आले आणि ठाणं गेलं. आम्हा मुरूडकरांना हे अजून झोंबतं, पण डाव चोख होता हे मान्य करायला हवं. हाच कासिम पुढे याकूतखान या किताबाने ओळखला गेला. १६८९ मध्ये त्याने मुंबईत फौज उतरवून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. कंपनीने बादशहापुढे नाक घासलं, दीड लाख रुपये दंड कबूल केला, तेव्हा कुठे १६९० मध्ये तो हलला.

खैरियतखान १६९६ मध्ये वारला, याकूतखान हिजरी १११८ मध्ये, म्हणजे १७०६ च्या सुमारास. आणि एवढं करून या दोघांच्या वाट्याला लहान घुमट! सगळ्यांत मोठा आहे तो सिरुलखानाचा. १७०७ ते १७३४ जंजिरा त्याच्याकडे होता आणि घुमट त्याने हयातीतच बांधून घेतला, असं सांगतात. शहाणा माणूस, मागच्यांच्या भरवशावर राहिला नाही.

पुढे नवाबांनी मोठ्या घुमटाच्या देखभालीला सावली-मिठागर गावाचं उत्पन्न लावून दिलं होतं. दर गुरुवारी तिथे कुराण वाचलं जाई.

पुढच्या खेपेला रस्त्यावरून फोटो काढून निघू नका. भिंतीला खेटून उभे राहा आणि दगडी जाळ्या बघा; सुताराने लाकूड कोरावं तसा दगड कोरलाय. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा खुशाल इकडे वळा. चपला तेवढ्या बाहेर काढा.