कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) अडकलाय आणि फॉरवर्डर (माल वाहतुकीचा एजंट) जादा पैसे मागतोय, आधी भरायचे की भांडायचं?

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या दादांचा मेल आलाय. चीनमधल्या निंगबोहून एफओबीवर (माल जहाजावर चढेपर्यंतच सप्लायरची जबाबदारी) रेपियर मागांचे सुटे पार्ट मागवले, मुंबईच्या फॉरवर्डरने "ऑल इन" भाडं सांगितलं होतं. कंटेनर कोलंबोला जहाज बदलताना 16 दिवस पडून राहिला, न्हावा शेवाला उतरल्यावर कस्टमने क्लासिफिकेशनवरून (माल ड्युटीच्या कुठल्या वर्गात बसतो यावरून) क्वेरी काढली त्यात 6 दिवस गेले, आता फॉरवर्डर 600 डॉलर कंजेशन सरचार्ज आणि 9 दिवसांचं डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त अडकून राहिल्याचा आकार) मागतोय, नाहीतर डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडायचं पत्र) देत नाही म्हणतो. माग बंद पडल्याने चारेक लाखांचं नुकसान झालंय ते वेगळंच.

दादा, पहिलं सांगतो, आज पैसे भरा. हो, मी वकील असून सांगतोय. डिटेन्शनचं मीटर रोज पळतंय आणि तुम्ही तत्त्वासाठी अडून बसलात तर आठवड्यात भांडणाच्या रकमेपेक्षा मीटर मोठं होईल. फक्त भरण्याआधी एक मेल टाका, "रक्कम आम्हाला मान्य नाही, डीओ अडवल्यामुळे नाइलाजाने अंडर प्रोटेस्ट भरतोय, परताव्याचा हक्क राखून ठेवतोय" एवढंच, आणि बँकेच्या ट्रान्सफरच्या रिमार्कमध्येही अंडर प्रोटेस्ट लिहा. दबावाखाली दिलेले पैसे परत मागायला कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 चं कलम 72 आहे, पण गुपचूप भरून टाकलेत की समोरचा म्हणणार राजीखुशीने दिले.

आता सरचार्ज. तुमचं कोटेशन परत उघडा, मोठ्या अक्षरातलं ऑल इन नको, खालची बारीक ओळ वाचा. तिथे "व्हॅटॉस" असं काहीतरी दिसेल, म्हणजे माल चढेल त्या वेळी लागू असलेले सरचार्ज वेगळे. तसं असेल तर तुमचा मुद्दा लंगडा होतो, नसेल तर ऑल इन म्हणजे ऑल इन, नंतर बंदर तुंबलं तो त्याचा धंद्याचा धोका. आणि ओळ असली तरी दोन गोष्टी मागाच, लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, फॉरवर्डरला दिलेली डेबिट नोट (जादा आकारणीचं बिल) आणि सरचार्ज लागू झाल्याची तारीख. बीएलवरची (बिल ऑफ लेडिंग, माल वाहतुकीला घेतल्याचा कागद) ऑन बोर्ड तारीख त्याच्या आधीची असेल तर कशाच्या जोरावर मागतो विचारा. लाइनने 300 लावले आणि फॉरवर्डरने 600 केले हे मी फायलींमध्ये पाहिलंय, म्हणून डेबिट नोट दाखवा म्हटलं की बरेच जण मऊ पडतात. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली, 2024 मध्ये सिंगापूर-कोलंबो तुंबली, तेव्हा असे मेल रोज यायचे.

डिटेन्शनमध्ये मात्र तुमची बाजू खरी भक्कम आहे. 2018 चे सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्स सांगतात की कस्टमने आयातीच्या कागदांतल्या नोंदी तपासायला माल थांबवला आणि नोंदी बरोबर निघाल्या तर त्या काळाचं कंटेनर डिटेन्शन लाइनने मागायचं नाही. म्हणजे ते 6 दिवस वजा. पण तोंडी सांगून चालत नाही, सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) आजच सांगा, क्वेरी कधी निघाली कधी मिटली याचं कस्टमचं डिटेन्शन सर्टिफिकेट काढायला. सीएफएसच्या भाड्यासाठी 2009 चा तसाच नियम आहे, पण तिथे "इतर कायद्याच्या अधीन" अशी मेख आहे आणि सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आयातदाराच्या विरोधात गेलेत, त्यामुळे तिथे सवलत मागा, हट्ट धरू नका. उरलेले 3 दिवस यार्डात गर्दी होती, ट्रेलर मिळाला नाही वगैरे, ते तुमच्याच खिशातून जातील असं धरून चाला.

चार लाखांबद्दल तुम्हाला आवडणार नाही असं बोलतो. सप्लायरकडून मिळणार नाही, एफओबीत माल जहाजावर चढला की त्याची जबाबदारी संपते. विम्यातूनही नाही, मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्ट 1963 चं कलम 55 उशिरामुळे झालेलं नुकसान बाहेर ठेवतं, वादळामुळे उशीर झाला तरीसुद्धा. राहिली लाइन, तर तिने कागदावर कुठेही तारीख कबूल केलेली नसते, ईटीए (पोहोचायची सांगितलेली तारीख) हा अंदाज. अमुक तारखेला माल पाहिजेच असं फॉरवर्डरने लेखी मान्य केलेलं व्हॉट्सअ‍ॅप असेल तर पाठवा, नाहीतर हा आकडा सोडून द्या.

ग्राहक मंचात जाऊ नका, धंद्यासाठी घेतलेली सेवा तिथे बसत नाही. कमर्शियल कोर्ट 3 लाखांपासून पुढे, आणि तिथेही तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर कलम 12ए खाली आधी मीडिएशन करावंच लागतं. तुमचं खरं भांडण लाखभराचं, तेव्हा आधी नोटीस आणि वाटाघाट, सरचार्ज निम्मा आणि 6 दिवसांचं डिटेन्शन परत मिळालं तर मी तरी मिटवून टाकीन. फक्त मुदत बघा, बीएलच्या मागे दाव्याला एक वर्ष असतं, फॉरवर्डरने स्वतः काढलेल्या हाऊस बीएलवर कधी नऊच महिने, आणि कुठल्या देशातल्या कोर्टात जायचं तेही तिथेच छापलेलं असतं. बीएलची मागची बाजू स्कॅन करून कोटेशनसोबत पाठवा, समोरची सगळेच पाठवतात.