आंब्याच्या बुंध्यावर पांढरे जाळे आणि त्याखाली कळपाने सरकणारे बारीक किडे आहेत. कोणते औषध फवारावे?

कोणतेही नाही. तुम्ही वर्णिलेले, कळपाने सरकणारे किडे म्हणजे बार्कलाइस, सालीवरच्या उवा.

आमच्या खानापूर तालुक्यातील परसात रायवळ आंब्यावर पावसाळा सरताना असेच जाळे चढले होते. थोरल्या बंधूंनी त्याचा फोटो बेळगावातील एका औषध दुकानदाराला दाखवला. त्याने "गेद्दलु", म्हणजे वाळवी, असे एका शब्दात निदान केले आणि बंधूंनी ते वेदवाक्य मानले. मी भिंग घेऊन बुंध्यापाशी बसलो होतो. दोन-तीन मिलिमीटरचा देह, फुगीर कपाळ, केसासारख्या लांब मिशा, आणि बोट टेकवताच पांगून थोड्या वेळाने पुन्हा गोळा होणारा कळप मला दिसत होता. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. येथे मातीचा कणही नव्हता. हे किडे सालीवरचे शेवाळ, बुरशी आणि दगडफूल तोंडातील छिन्नीसारख्या काडीने खरवडून खातात, आणि खालच्या ओठापाशी उघडणाऱ्या ग्रंथींतून सुटणाऱ्या रेशमाचा आडोसा विणतात. पण घरात धाकट्याचे कोण ऐकतो?

बंधूंनी कोयत्याने साल इतकी तासून घेतली की आतला ओला भाग उघडा पडला, आणि वर औषध मारले. जखमी सालीत अंडी घालणाऱ्या भिरुडाला, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीला, आणखी काय हवे? पुढे खोडातून भुसा गळू लागला आणि एक मोठी फांदी वाळली. बंधू आजही म्हणतात की त्याच उवांनी खोड पोखरले. ती छिन्नी शेवाळ खरवडण्यापुरती असते, तिने लाकूड पोखरले जात नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावे. फ्लोरिडात बार्कलाइसची आर्किप्सोकस नोमास ही जात अख्खे बुंधे रेशमाने मढवते. तेथील कृषितज्ज्ञही जाळे आपोआप विरेपर्यंत थांबण्यास सांगतात.

"उवा" हे नाव मात्र अगदीच खोटे नाही. जुन्या वह्यांतले पांढुरके किडे आणि माणसाच्या डोक्यातील उवा याच सोकोडिया गणातल्या आहेत. परंतु सालीवरच्या उवा कोणाचे रक्त पीत नाहीत, की झाडाचा रसही.

जाळे डोळ्यांना खुपत असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन टाका. मातीच्या नळ्या किंवा भुसा दिसत असेल, तर मात्र माझे वरचे सांगणे लागू नाही. वाळवी किंवा भिरूड समजून त्याप्रमाणे उपाय करा. तेव्हाही कोयता माझ्या बंधूंसारख्यांच्या हाती देऊ नका.